घोड्याने लगाम स्वखुशीने घ्यावा म्हणून

पहाटे पागेत दिवा लागला की आमची काठेवाडी घोडी कानांची टोके एकमेकांना टेकवून क्षणभर माझ्याकडे पाहते, मग मान खाली घालते आणि हातातल्या लगामाकडे ओठ पुढे करते. दोन वर्षांपूर्वी ती मुळशी रस्त्यावरच्या आमच्या पागेत आली, तेव्हा तिच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर जुन्या जखमांचे पांढरट, निबर वण होते आणि माणसाचा हात कानांच्या उंचीपर्यंत गेला की ती दोर ताणून मागे सरत असे. तिला पुन्हा लगामाची सवय लावताना आणि त्याआधी कोऱ्या घोड्यांना पहिला लगाम देताना जे पक्के कळले, ते येथे क्रमाने मांडतो आहे. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की घोडा उद्या लगाम घेईल की नाही, हे आज तो त्याच्या तोंडातून कसा निघाला यावर ठरते.

शब्दांबाबत आधी एक खुलासा करतो. तोंडात राहणाऱ्या धातूच्या कांडीला पुण्यातली स्वार मंडळी बिटच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरला आहे. डोक्यावर बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला म्होरकी आणि हातात धरायच्या पट्ट्यांना रेन म्हटले आहे.

आधी तोंड पाहावे

घोड्याच्या पुढच्या दातांनंतर दाढा सुरू होईपर्यंत हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो. बिट जिभेवर आणि या पट्ट्यावर विसावते. तेथे जबड्याच्या हाडावर मांसाची गादी नसते, केवळ पातळ आवरण असते, त्यामुळे थोडा दाबही घोड्याला चांगलाच जाणवतो. नर घोड्यांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी याच जागेत सुळे येतात. घोडींना ते बहुधा येत नाहीत किंवा अगदी बारीक येतात. त्याखेरीज पुष्कळ घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेपुढे मटाराएवढा एक दात असतो, ज्याला वुल्फ टूथ म्हणतात. चावण्यासाठी त्याचा काही उपयोग नसतो, परंतु बिट मागे ओढले जाऊन त्याच्यावर टेकले तर घोडा मान झटकतो आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो.

दुसरी बाब दाढांची. घोड्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड पुरेशी झिजत नाही व तिला धार येते. नाकपट्टी आवळली की गालाचे आतले अंग याच धारेवर दाबले जाते. शिवाय अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान दुधाचे दात आणि दुधाच्या दाढा पडून पक्क्या येत असतात, आणि कोऱ्या घोड्याला आपण लगाम शिकवतो तो नेमका याच वयात. म्हणून पहिले बिट दाखवण्यापूर्वी घोड्यांचे काम करणाऱ्या पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे, धार आलेल्या दाढा कानशीने घासून घ्याव्यात आणि वुल्फ टूथ अडचणीचा असल्यास तो काढून जखम पूर्ण भरू द्यावी. तीच संधी साधून धनुर्वाताची लस चालू आहे की नाही हेही पाहावे, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. पुढे तोंडाची तपासणी वर्षातून एकदा करावी, आणि दात बदलणाऱ्या वयात ती दर सहा महिन्यांनी झालेली बरी.

आमच्या घोडीच्या वरच्या दाढांना इतकी धार होती, की गालाच्या आत दोन्ही बाजूंना व्रण झालेले होते. दाढा घासल्यावर सहा आठवडे तिच्या तोंडात काहीही घातले नाही. साध्या दोराच्या म्होरकीवर तिला हाताने फिरवले. त्या काळात लगामाचे शिक्षण थांबले होते असे मात्र मी मानत नाही.

बिट कोणते आणि केवढे

रुंदी मोजण्यासाठी गुळगुळीत दोरी बिटच्या जागी तोंडात धरून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खुणा कराव्यात आणि त्या अंतरात सुमारे एक सेंटिमीटर मिळवावा. काठेवाडी, मारवाडी आणि भीमथडी घोड्यांना साधारण ४.५ ते ५ इंचांचे बिट बसते; शर्यतीच्या जातीचा थरोब्रेड बहुधा ५ इंच किंवा त्याहून थोडे अधिक मागतो. जाडीच्या बाबतीत पुष्कळांची समजूत अशी, की बिट जितके जाड तितके सौम्य. पातळ बिट टोचते हे खरे आहे, परंतु जीभ मांसल आणि टाळू बसका असेल तर २० मिलिमीटरची कांडी तोंडात कोंबल्यासारखी होते. १४ ते १६ मिलिमीटर बहुतेकांना मानवते.

एक सांधा असलेले बिट दोन्ही रेन एकदम ओढल्यावर मधोमध मोडते आणि जिभेला दोन्हीकडून चिमटते. मधे लहानसा गुळगुळीत मणी असलेले दोन सांध्यांचे बिट जिभेवर सपाट पडते, म्हणून कोऱ्या घोड्यासाठी आणि जखमी तोंडातून सावरलेल्या घोड्यासाठी माझी पसंती त्याला आहे. बाजूच्या कड्या अंडाकृती, घट्ट बसवलेल्या असाव्यात, म्हणजे ओठाची कड कडीच्या भोकात चिमटत नाही.

काटेरी बिटविषयी येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. वरातीत घोडा नाचावा म्हणून आतल्या बाजूला टोके असलेले लगाम अजूनही वापरले जातात. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांबाबतचे जे केंद्रीय नियम १९६५ साली झाले, त्यांत काटे, गाठी किंवा उंचवटे असलेली बिटे वापरण्यास मनाई आहे. असा लगाम कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. त्याने घोडा ऐकतो असे दिसते, पण प्रत्यक्षात तो वेदनेपासून पळत असतो आणि हे पळणे कोणत्या दिशेला होईल याचा भरवसा कोणालाच देता येत नाही.

वेळ आणि जागा

धडा दहा-बारा मिनिटांचा असावा, दिवसातून दोनदा, आणि शक्यतो चंदीच्या म्हणजे दाण्याच्या आधी, पण घोडा भुकेने कासावीस होण्यापूर्वी; तेव्हा तो सुस्तावलेलाही नसतो. जागा त्याच्या ओळखीची, पाठीमागून वर्दळ नसलेली असावी. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी ढोलपथकांचे सराव सुरू होतात आणि नदीकाठचा आवाज दूरवर ऐकू येतो. त्या दिवसांत पहिले धडे पहाटेच ठेवावेत. घोड्याला खुंटीला पक्के बांधून लगाम देऊ नये. दोर मदतनिसाने सैल धरावा किंवा आपल्याच कोपरावर टाकावा, कारण मागे सरलेल्या घोड्याला दोराचा हिसका बसला, तर तो त्या हिसक्याचा दोष लगामालाच देतो.

हाताची ओळख

घोड्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते, परंतु कपाळासमोरचा आणि नाकाखालचा लहान भाग त्याच्या नजरेबाहेर राहतो. याचा अर्थ असा, की बिट जेथे जायचे ती जागाच त्याला दिसत नाही. ओठांवरच्या लांब केसांनी आणि वासाने तो ती ओळखतो. म्हणून हे केस कापू नयेत आणि समोरून हात नेऊ नये. डाव्या खांद्याशी उभे राहून मानेवरून, गालावरून असा हात सरकवत पुढे यावे.

पहिले काम कानांमागच्या जागेचे. तेथे तळहात हलकेच ठेवावा, दाबू नये. घोड्याने मान दोन बोटे जरी खाली घेतली तरी हात तत्काळ उचलावा. त्याला कळायला हवे ते हेच, की मान खाली केली की हात जातो. येथे क्षणाचा हिशेब आहे: हात अर्ध्या क्षणात उचलला तर घोडा शिकतो, तीन क्षणांनी उचलला तर तोवर त्याने मान पुन्हा वर केलेली असते आणि आपण नकळत तेच शिकवलेले असते. कान हळुवार पुढे वाकवणेही याच रीतीने शिकवावे. काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, त्यामुळे कानपट्टा, म्हणजे म्होरकीचा कानांमागे बसणारा पट्टा, ओढून घेताना ते दुमडून दुखावतात. अशा घोड्यांवर या पायरीला दुप्पट दिवस द्यावेत.

नंतर ओठ. डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवून दात नसलेल्या हिरडीवर हलका टेकवावा. घोडा जीभ हलवतो आणि तोंड उघडतो. उघडताच अंगठा बाहेर काढावा. पाच-सहा दिवसांत अंगठा ओठाला लागला एवढ्यानेच तोंड उघडू लागते. आमच्या घोडीला येथवर यायला तीन आठवडे लागले, आणि त्यातला पहिला आठवडा केवळ गालावर हात ठेवून उभे राहण्यात गेला.

बिट हातात, मग तोंडात

बिट प्रथम म्होरकीविना, सुटेच हातात घ्यावे. थंडीत पुण्याची पहाट दहा अंशांच्या आसपास उतरते आणि तेव्हा धातू जिभेला चटका देतो. बिट कोमट पाण्यात बुडवून किंवा दोन्ही तळव्यांत धरून उबदार करावे, आणि उन्हाळ्यात उन्हात टांगलेले बिट तसेच उचलून देऊ नये. मधल्या मण्याला नखाएवढा गूळ चोळावा. ढेकूळ देऊ नये, कारण घोडा ती चावत बसतो, आणि साखर अधिक झाली तर खुरांच्या आजाराचा धोका असतो. घोड्याने स्वतः मान वळवून बिट हुंगावे, चाटावे, ओठांत धरावे. आपण ते त्याच्याकडे सरकवायचे नाही. त्याने पुढे यावे एवढ्या अंतरावर स्थिर धरायचे. हा भाग बहुतेक जण एका दिवसात उरकतात आणि मला तो घाईचा वाटतो. घोडा सलग तीन-चार दिवस स्वतः बिटकडे आला, तरच पुढे जावे.

म्होरकी चढवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत कानांना अडथळा होऊ नये म्हणून एक सोपी तजवीज करता येते. नाकपट्टी आणि रेन काढून ठेवाव्यात, डाव्या गालपट्टीचे बक्कल सोडावे आणि बिट फक्त उजव्या गालपट्टीला लटकू द्यावे. अशी रिकामी म्होरकी आधी कानांमागे बसवावी. मग उजवा हात हनुवटीखालून नेऊन नाकाच्या हाडावर हलकाच ठेवावा, डाव्या तळहातावर बिट पसरून ते ओठांशी आणावे आणि अंगठा नेहमीच्या कोपऱ्यात टेकवावा. तोंड उघडले की बिट वर सरकू द्यावे आणि डाव्या बाजूचे बक्कल लावावे. दातांवर बिट दाबून तोंड उघडवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तोंड उघडले नाही तर हात खाली घ्यावा आणि अंगठ्याच्या धड्याकडे परत जावे.

बिट ओठांच्या कोपऱ्यांना नुसते लागावे, त्यांना वर ओढू नये. तोंडाशी एक-दोन सुरकुत्या दिसाव्यात असा जुना दंडक आहे, परंतु प्रत्येक घोड्याच्या ओठांची ठेवण वेगळी असते. सुरकुत्या मोजण्यापेक्षा, बिट खालच्या दातांवर खडखडत नाही ना आणि नर घोडा असल्यास सुळ्यांना लागत नाही ना, हे बोट घालून पाहावे.

पहिल्या दिवशी बिट मिनिटभर राहिले तरी पुष्कळ झाले. घोडा जिभेने ते उलटेपालटे करील, मान हलवील, करू द्यावे. दहा दिवसांत पंधरा मिनिटांपर्यंत जावे. तेवढ्या वेळात त्याला खरारा करावा, पागेभोवती हिंडवावे, मूठभर ओला लसूणघास द्यावा. बिट असताना दाणा मात्र देऊ नये. ओठ ओलसर, जबडा अधूनमधून हलणारा, डोळे मऊ, अशी खूण दिसली तर सारे ठीक आहे. तोंडातून फेस गळतो आहे आणि जबडा क्षणभरही थांबत नाही, याला काही लोक आनंदाचे लक्षण समजतात. माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा अस्वस्थता असते.

काढण्याची रीत

काही वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी मी तीन वर्षांच्या एका शांत घोड्याची म्होरकी घाईने उतरवली. गळपट्टीचे चामडे ओलीने फुगले होते, ते सोडवताना बोटे दुखली, आणि त्या वैतागात नाकपट्टीचे बक्कल सोडायचे राहून गेले. म्होरकी कानांवरून खाली आली, पण नाकपट्टी बंद असल्यामुळे घोड्याला तोंड उघडता येईना. बिट खालच्या दातांमागे अडकले, त्याने मान वर फेकली, आणि धातू दातांवर आपटल्याचा तो आवाज मला आजही तसाच ऐकू येतो. सारे दहा क्षणांत संपले. त्यानंतर अडीच महिने तो घोडा लगाम पाहताच तोंड पागेच्या भिंतीकडे वळवीत असे, आणि विशेष म्हणजे लगाम चढला की कामात पूर्वीसारखाच वागे. त्याचे भय चढवण्याचे किंवा कामाचे नव्हते, ते निघतानाच्या त्या एका आघाताचे होते.

तेव्हापासून आमच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार असो वा नवा स्वार, प्रत्येकाला आधी उतरवणे शिकवतो. नाकपट्टी आणि गळपट्टी दोन्ही सुटल्याची हाताने चाचपून खात्री करावी. साधी म्होरकी घोड्याच्या गळ्यात अडकवून ठेवावी, म्हणजे तो मोकळा सुटणार नाही. मग कानपट्टा दोन्ही हातांनी उचलून एकेक कान मोकळा करावा आणि तो कपाळासमोर त्याच उंचीवर धरून थांबावे. येथे थांबणे हेच काम आहे. घोडा जीभ हलवतो, जबडा सैल सोडतो, आणि बिट खाली घरंगळू लागते. ते जितके खाली येईल तितकाच हात खाली न्यावा. काही घोडे दोन क्षणांत सोडतात, काहींना पंधरा लागतात. ओढू नये, मागे पाऊल टाकू नये. बिट निघाल्यावर लगेच पाठ फिरवू नये. मानेवर हात ठेवून अर्धा मिनिट उभे राहावे.

कोऱ्या घोड्याच्या बाबतीत मी एकेका धड्यात चढवणे-उतरवणे तीनदा करतो आणि कामाला मुळीच नेत नाही. लगाम म्हणजे दरवेळी घाम, असा त्याचा समज होऊ न देण्याचा हा एक सोपा मार्ग आहे.

रेनचा अर्थ जमिनीवरून शिकवावा

बिट निवांत राहू लागले म्हणजे रेन जोडाव्यात. स्वार वर बसण्याआधी घोड्याला रेनचा अर्थ कळलेला असावा. डाव्या बाजूला उभे राहून बिटपासून वीतभर अंतरावर रेन धरावी आणि ओला रुमाल हातावर पडावा एवढाच भार घ्यावा. तो वाढवू नये, सोडू नये. घोड्याने नाक बोटभर जरी आपल्याकडे वळवले तरी बोटे उघडावीत. दहा वेळा डावीकडे, दहा वेळा उजवीकडे, आणि दोन-तीन दिवसांनी दोन्ही रेनवर भार घेऊन एक पाऊल मागे. त्यानंतर गोल रिंगणात सात-आठ मीटर लांबीच्या दोन दोऱ्यांवर मागून चालवत वळणे आणि थांबणे शिकवावे. रेन खोगिराला आखूड बांधून घोड्याला तासभर उभे करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मी ती अयोग्य मानतो, कारण बांधलेली रेन घोड्याने मान दिली तरी सुटत नाही आणि मान देण्याचे फळ त्याला मिळतच नाही.

पुण्यातल्या रायडिंग स्कूलमध्ये रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच असतात. त्यांना बिट घ्यायची सवय असते, परंतु शर्यतीत जॉकी रेन ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर रेलून धावतो. अशा घोड्याला थांबवण्यासाठी रेन ओढली की तो वेग वाढवतो, आणि यात त्याची काहीही चूक नसते. त्यांच्याबाबत वरचा जमिनीवरचा धडा अगदी पहिल्यापासून घ्यावा.

अडले तर

जीभ बिटच्या वर घेणे ही सर्वांत चिवट सवय. बिट बहुधा सैल लटकलेले असते, किंवा सांधा जिभेला चिमटत असतो. एक भोक वर घेऊन आणि दोन सांध्यांचे बिट देऊन पाहावे, पण हे पहिल्याच आठवड्यात करावे, कारण महिनाभर मुरलेली सवय मोडणे फार कठीण जाते. नाकपट्टी आवळून तोंड बंद केल्याने जीभ दिसेनाशी होते, दुखणे तसेच राहते. नाकाच्या हाडावर मधोमध पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत, याहून घट्ट नाकपट्टी कोणत्याही घोड्याला लावू नये.

मान उंच करून टाळणाऱ्या घोड्यासाठी स्टूलवर उभे राहू नये आणि कान पिळू नये. कानांमागच्या हाताच्या धड्याकडे परतावे. आजवर सहज लगाम घेणाऱ्या घोड्याने एके दिवशी नकार दिला, तर तो नकार बातमी समजून वाचावा: ओठांचे कोपरे, जीभ, हिरडी, दाढा या क्रमाने पाहावे आणि शेवटी साज पाहावा.

काम झाल्यावर बिट लगेच साध्या पाण्याने धुऊन पुसावे, वाळलेली लाळ आणि चारा सांध्यात राहिला की तो दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांना घासतो. पावसाळ्यात चामडे दर आठवड्याला साबण व तेल लावून मऊ ठेवावे. आणि महिन्यातून एकदा बिटवरून मऊ सुती रुमाल सावकाश फिरवावा. गेल्या श्रावणात आमच्या घोडीने सलग दोन पहाटे मान फिरवली, तिच्या तोंडात काहीच सापडले नाही, आणि मग रुमाल फिरवताना मण्याजवळच्या सांध्यात त्याचा एक धागा अडकला. झिजून तेथे केसाएवढी कड उभी राहिली होती, डोळ्यांना न दिसणारी. ते बिट बाद केले, त्याच मापाचे नवे आणले, दोन दिवस ते नुसते हातात धरून तिला हुंगू दिले. तिसऱ्या पहाटे तिने मान खाली घातली आणि तोंड उघडले.